कृत्रिम सांध्याभोवतीचे फ्रॅक्चर आणि त्याचे कोडिंग

खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेल्या माणसाचे हाड पुढे कधीतरी त्या कृत्रिम सांध्याला लागून मोडले, तर त्याला पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर म्हणतात. मोडलेले असते ते रुग्णाचे स्वतःचे हाड. आत बसवलेला धातूचा सांधा बहुतेक वेळा शाबूत असतो. कधी तो जागच्या जागी पक्का असतो, तर कधी हाडाबरोबर त्याचीही पकड सुटलेली असते. हाड, सांधा आणि मोडण्याचे कारण या तीन गोष्टी निराळ्या आहेत. निदानाचा कोड देताना त्या निराळ्या ठेवणे, हाच या विषयाचा गाभा. अमेरिकेतील आयसीडी-१०-सीएम या पद्धतीत हा भेद सर्वांत स्पष्टपणे मांडलेला आहे आणि तो तिथे कसा आला याचा मागही नीट काढता येतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याच पद्धतीच्या आधाराने केले आहे.

खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा रूढ झाला तो जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे १९६२च्या नोव्हेंबरपासून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा, म्हणजे स्टेम, बसवायचा, त्याच्या टोकावर गोळा आणि कमरेच्या हाडात त्याला साजेसा कप, ही रचना आजही मुळात तीच आहे. धातूचा स्टेम ताठ असतो, हाड थोडे लवते. चालताना, वळताना, अडखळताना येणारा ताण या दोहोंमध्ये सारखा वाटला जात नाही. स्टेम जिथे संपतो तिथे तो एकवटतो. त्यातच वयानुसार हाड विरळ होते. सांध्याच्या घर्षणातून सुटलेले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण शरीरात जी प्रतिक्रिया उठवतात, तिच्यामुळे स्टेमभोवतीचे हाड झिजते. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. अशा हाडाला मोठा अपघात लागत नाही. मोरीत पाय घसरणे, पलंगावरून उतरताना तोल जाणे एवढेही पुरते. एकदा बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागलेल्या रुग्णांत हा धोका आणखी वाढतो. सिमेंटशिवाय ठोकून बसवलेल्या स्टेममुळे वृद्धांच्या ठिसूळ हाडाला शस्त्रक्रियेतच चीर जाऊ शकते. गुडघ्याच्या बाबतीत मांडीच्या हाडाचा खालचा भाग, कृत्रिम सांध्याच्या धातूच्या टोपणाच्या जरा वर, सर्वांत अधिक मोडतो. नडगीचे हाड किंवा वाटी त्यामानाने क्वचित मोडते.

अस्थिशल्यविशारदाला अशा रुग्णाबद्दल सर्वांत आधी कळायला हवे ते असे: हाड नेमके कुठे मोडले, स्टेम पक्का आहे की सैल आणि उरलेले हाड कामाचे आहे का. १९९५ मध्ये क्लाइव्ह डंकन आणि बसाम मसरी यांनी मांडलेले व्हँकूव्हर वर्गीकरण याच तीन प्रश्नांवर उभे आहे. ए प्रकारात मोडते ते ट्रोकँटर, म्हणजे हाडाच्या वरच्या टोकाचे उंचवटे. बी प्रकारात फ्रॅक्चर स्टेमभोवती किंवा त्याच्या टोकापाशी असते, आणि त्याचे तीन पोटभेद होतात. बी१ म्हणजे स्टेम पक्का. बी२ म्हणजे स्टेम सैल, पण हाड चांगले. बी३ म्हणजे स्टेम सैल आणि हाडही निकामी झालेले. स्टेमच्या बरेच खाली मोडलेले हाड सी प्रकारात जाते. या अक्षरांवर शस्त्रक्रिया ठरते. बी१ मध्ये सहसा प्लेट आणि तारांनी हाड जोडले की काम भागते. बी२ मध्ये जुना स्टेम काढून लांब स्टेम घालावा लागतो. बी३ हे सर्वांत अवघड काम. त्यासाठी अनुभवी हात आणि तयारीचे थिएटर दोन्ही हवे. गुडघ्यासाठी लुईस आणि रोराबेक यांचे वर्गीकरण वापरात आहे. २०१४ मध्ये डंकन आणि हद्दाद यांनी शरीरातील सगळ्या कृत्रिम सांध्यांना लागू पडेल असे एकच वर्गीकरण मांडले. एकाच हाडाला वर खुब्याचा आणि खाली गुडघ्याचा कृत्रिम सांधा असून मधले हाड मोडते, त्या प्रकारालाही त्यात स्वतंत्र जागा आहे. दोन्ही सांधे बदलून घेणाऱ्यांची संख्या वाढत असताना हा प्रकार बाजूला ठेवण्याजोगा नाही.

निदानाच्या कोडला मात्र व्हँकूव्हरची भाषा येत नाही. आयसीडी ही रोगांची मोजणी करण्यासाठी वाढलेली पद्धत आहे. तिची मुळे १८९३ सालच्या बर्टिलाँ यांच्या मृत्यूकारणांच्या यादीपर्यंत जातात. शल्यविशारदाला शस्त्रक्रिया ठरवायची असते. आयसीडीला हजारो रुग्णांची एकसारखी नोंद करायची असते. दोघांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे बी१ आणि बी२ यांच्यात शस्त्रक्रियेच्या दृष्टीने एवढे अंतर असूनही दोघांचा मुख्य कोड एकच राहतो. या कोडिंगमधली ही सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. ती काही अंशी कशी भरून काढता येते, ते पुढे येईल.

अमेरिकेत १९७९ पासून ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत आयसीडी-९-सीएम वापरात होती. त्यात दीर्घकाळ अस्थिशल्यक्रियेत बसवलेल्या साधनांच्या यांत्रिक बिघाडाला ९९६.४ हा एकच कोड होता. सांधा सैल झाला, निखळला, तुटला किंवा त्याच्याभोवतीचे हाड मोडले, तरी नोंद एकाच ठिकाणी. १ ऑक्टोबर २००५ पासून या कोडचे विभाजन झाले आणि पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चरला ९९६.४४ हा स्वतंत्र कोड मिळाला. १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी-१०-सीएम लागू झाली, तेव्हा त्याची जागा टी८४.०४ या गटाने घेतली: उजव्या खुब्याला टी८४.०४०, डाव्याला टी८४.०४१, गुडघ्यांना टी८४.०४२ आणि टी८४.०४३. आता डावे-उजवे कळू लागले, पण गट मात्र जुनाच राहिला. टी८४ म्हणजे शरीरात बसवलेल्या अस्थिसाधनांच्या गुंतागुंती. घरात पडून हाड मोडलेल्या वृद्धेची नोंद त्यामुळे ‘साधनाची गुंतागुंत’ अशी होत राहिली.

अस्थिरोगतज्ज्ञांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता आणि तो रास्त होता. यातली बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळे किंवा हाडाच्या आजारामुळे होतात. सांधा तिथे आहे म्हणून हाड मोडायची जागा ठरते. मोडण्याचा दोष त्या सांध्यावर किंवा तो बसवणाऱ्यावर टाकण्याचे कारण नसते. अमेरिकेत तर कोडवरून पैसे ठरतात, रुग्णालयाची गुणवत्ता मोजली जाते आणि सांधा बदलल्यानंतरच्या ९० दिवसांत यांत्रिक गुंतागुंत झाली का, हेही कोडवरूनच पाहिले जाते. तिथे चुकीच्या गटात पडलेला कोड हा कारकुनी तपशील राहत नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी टी८४.०४ रद्द झाला. तो जेमतेम वर्षभर वापरात होता. त्याच्या जागी एम९७ हा नवा गट आला, आणि तोही दुखापती-गुंतागुंतींच्या प्रकरणात नव्हे, तर हाडे-स्नायू-सांध्यांच्या विकारांच्या १३व्या प्रकरणात.

एम९७ची रचना समजायला सोपी आहे. चौथे स्थान सांधा सांगते: शून्य म्हणजे खुबा, १ म्हणजे गुडघा, २ घोटा, ३ खांदा, ४ कोपर. मनगट, बोटे, पायाची बोटे, मणके यांच्यासाठी एम९७.८ आहे आणि सांधा नेमका कोणता हे सांगायला सोबत झेड९६.६ मधला कोड जोडावा लागतो. एम९७.९ म्हणजे सांधा नमूद नाही. चांगल्या नोंदीत त्याची गरज पडू नये. पाचव्या स्थानी १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा. सहावे स्थान रिकामे असल्याने तिथे एक्स भरावा लागतो. सातवे स्थान उपचाराचा टप्पा सांगते. उजव्या खुब्याच्या कृत्रिम सांध्याभोवतीच्या फ्रॅक्चरवर उपचार चालू असतील तर कोड होतो एम९७.०१एक्सए. एक्स विसरला तर कोड अवैध ठरतो. नव्या कोडरकडून ही चूक फार होते.

एम९७ एकटा पुरत नाही. हाड कृत्रिम सांध्याभोवती मोडले एवढेच तो सांगतो. कोणते हाड, कसे मोडले आणि का मोडले, हे सांगायला दुसरा कोड सोबत हवा. या जोडीमुळेच नवी मांडणी जुनीपेक्षा सरस ठरते, आणि कोडरचा कसही इथेच लागतो. जोडीतला कोणता कोड आधी लिहायचा, हे त्या वर्षीच्या आवृत्तीतील सूचना, अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या ‘कोडिंग क्लिनिक’ या त्रैमासिकातील खुलासे आणि रुग्ण दाखल होण्याचे कारण पाहून ठरवायचे असते. आवृत्ती दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलते. मागच्या वर्षीच्या सवयीवर विसंबणे धोक्याचे.

एक उदाहरण जवळून पाहू. ७८ वर्षांच्या एका बाईंचा उजवा खुबा काही वर्षांपूर्वी बदललेला आहे. घरातल्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरतो. एक्सरेमध्ये उजव्या मांडीचे हाड स्टेमच्या टोकापाशी तिरके पिळवटून मोडलेले आणि सरकलेले दिसते. जखम उघडी नाही. डॉक्टरांच्या नोंदीत फक्त ‘पडल्यामुळे उजव्या फीमरच्या शाफ्टचे स्पायरल, डिस्प्लेस्ड, क्लोज्ड पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर’ असेल, तर जोडी होते एम९७.०१एक्सए आणि एस७२.३४१ए यांची. त्याच बाईंच्या केस पेपरवर ऑस्टिओपोरोसिसचे निदान आधीपासून असेल, तर चित्र पालटते. निरोगी हाड ज्या किरकोळ पडण्याने सहसा मोडत नाही, अशा पडण्याने ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णाचे हाड मोडले, तर अधिकृत मार्गदर्शक नियमांनुसार ते दुखापतीचे फ्रॅक्चर धरत नाहीत. एम८० गटातले, म्हणजे आजारामुळे झालेले फ्रॅक्चर धरतात. तेव्हा एस७२च्या जागी एम८०.०५१ए येतो. पडण्याच्या कारणासाठी डब्ल्यू०१.०एक्सएक्सए आणि घरातील बाथरूमसाठी वाय९२.०१२ हे कोड जोडता येतात. हाड तेच, एक्सरे तोच आणि शस्त्रक्रियाही कदाचित तीच. केस पेपरवरच्या एका शब्दाने या बाईंची नोंद अपघाताच्या बाजूला जाते की हाडांच्या आजाराच्या, हे ठरते. वृद्ध स्त्रियांच्या ठिसूळ हाडांवर वेळीच उपचार होतात की नाही, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी या एका शब्दाकडे डोळेझाक करू नये. कर्करोग हाडात पसरल्यामुळे फ्रॅक्चर झाले असेल, तर एम८४.५ मधला कोड लागतो आणि मूळ रोगाचा कोडही द्यावा लागतो.

सातव्या स्थानाबद्दल गैरसमज फार आहेत. ए म्हणजे ‘पहिली भेट’ असे नाव असले तरी तो डॉक्टरांना पहिल्यांदा भेटण्याशी बांधलेला नाही. फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एका गावच्या डॉक्टरांनी तपासून मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि तिथे शस्त्रक्रिया झाली, तरी दोन्ही ठिकाणी ‘ए’ हेच अक्षर लागते. हाड जुळून येत असताना प्लास्टर बदलणे, एक्सरे पाहणे, टाके काढणे अशा भेटींना डी. फ्रॅक्चर बरे झाल्यावर मागे राहिलेल्या व्यंगाला एस. एम९७ मध्ये हे तीनच पर्याय आहेत. एस७२ आणि एम८० मध्ये मात्र हाड उशिरा जुळणे, न जुळणे, वाकडे जुळणे यांना अनुक्रमे जी, के, पी अशी वेगळी अक्षरे आहेत, आणि एस७२ मध्ये उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरसाठी बी, सी अशीही. म्हणजे सहा महिन्यांनंतरही हाड जुळले नाही ही गोष्ट एम९७ सांगू शकत नाही. ती सोबतच्या फ्रॅक्चरच्या कोडनेच सांगावी लागते, आणि त्याच्याबरोबर एम९७ला डी जोडला जातो. जोडीतला एक कोड गाळला की रुग्णाच्या हालांचा मोठा भाग नोंदीतून नाहीसा होतो.

एम९७च्या शेजारचे काही कोड दिसायला सारखे, पण अर्थाने दूरचे आहेत. शस्त्रक्रिया चालू असताना, स्टेम ठोकताना हाडाला चीर गेली, तर ती एम९६.६ या गटात जाते. उजव्या मांडीच्या हाडासाठी एम९६.६६१. ते शस्त्रक्रियेतून उद्भवलेले फ्रॅक्चर आहे आणि तसेच नोंदले जावे. ते एम९७ मध्ये लपवणे ही अप्रामाणिक नोंद ठरेल. कृत्रिम सांधाच तुटला, म्हणजे स्टेमचा धातू मोडला किंवा सिरॅमिकचा गोळा फुटला, तर कोड टी८४.०१ मधला. हाड मोडणे आणि सांधा मोडणे या दोन गोष्टी ‘सांध्याचे फ्रॅक्चर’ अशा ढिसाळ लिखाणामुळे एक होतात, आणि मग एका कंपनीच्या सांध्याबद्दल निष्कारण शंका निर्माण होऊ शकते, किंवा खरा दोष असलेला सांधा नजरेआड राहू शकतो. कृत्रिम सांधा नसून केवळ प्लेट किंवा खिळा असलेल्या जागी हाड मोडले, तर एम९७ लागूच होत नाही. तो फक्त कृत्रिम सांध्यांसाठी आहे.

सैल झालेल्या सांध्याचा कोड टी८४.०३ मध्ये आहे, उजव्या खुब्यासाठी टी८४.०३०. बी१ आणि बी२ यांतले अंतर कोडमध्ये उमटवायचा हाच काय तो मार्ग. शल्यविशारदाने स्टेम सैल असल्याचे लिहिले असेल, तर हा कोड सोबत देण्याचा विचार करता येतो. पण इथे घाई करू नये. स्टेम आधीपासून सैल होता आणि त्या कमकुवत जागी हाड मोडले, की हाड मोडल्यामुळे स्टेमची पकड गेली? पहिल्या बाबतीत सांध्याचा बिघाड ही आधीची, स्वतंत्र गोष्ट आहे. दुसऱ्या बाबतीत तो फ्रॅक्चरचा परिणाम आहे. कोडरने हे आपल्या मनाने ठरवायचे नसते. डॉक्टरांना लेखी विचारायचे असते, ज्याला या व्यवसायात ‘क्वेरी’ म्हणतात. ती क्वेरी उत्तर सुचवणारी नसावी, हाही नियमच आहे.

एक्सरे पाहून कोडरने स्वतः निदान काढायचे नसते. कोड उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी निदानावरच उभा राहतो. डॉक्टरांनी फ्रॅक्चरचे निदान लिहिले असेल, तर हाडाचा नेमका भाग कळण्यासाठी रेडिओलॉजिस्टच्या अहवालाचा आधार घेता येतो; पण फ्रॅक्चर ‘पेरिप्रोस्थेटिक’ आहे हे डॉक्टरांनीच म्हणायला हवे. स्टेमच्या बरेच खाली मोडलेल्या हाडाबाबत हा प्रश्न नेहमी उठतो. हाड स्टेमच्या पल्ल्यात धरायचे की बाहेर, याचे उत्तर शल्यविशारदाकडे असते. वर खुबा आणि खाली गुडघा दोन्ही बदललेल्या मांडीत तर ते आणखी गरजेचे. फ्रॅक्चर कोणत्या सांध्याभोवतीचे आहे हे न लिहिल्यास एक नोंद दोन प्रकारे वाचता येते. डिस्चार्ज समरीत सांध्याचे नाव, बाजू, फ्रॅक्चरची जागा आणि आकार, सरकले की नाही, उघडे की बंद, स्टेमची स्थिती, हाडाचा आजार आणि पडण्याचा प्रसंग एवढे लिहायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी लिहिण्याचा आग्रह प्रत्येक अस्थिरोग विभागाने धरावा.

या नोंदींचा मोठा उपयोग मोजणीसाठी होतो. स्वीडन, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय रजिस्ट्री आहेत. स्वीडनमध्ये गुडघ्याची रजिस्ट्री १९७५ मध्ये आणि खुब्याची १९७९ मध्ये सुरू झाली. पण रजिस्ट्रीची मूळ घडण सांधा किती टिकला हे पाहण्यासाठी झालेली असते. म्हणून सांधा पुन्हा बदलला की नोंद होते. प्लेट आणि तारांनी जोडलेले बी१ किंवा सी प्रकारचे फ्रॅक्चर, ज्यात सांधा हलवलाच नाही, त्यातून सहज निसटते. रुग्णालयाच्या कोडमध्ये ते सापडू शकते. मात्र अमेरिकेच्या नोंदींवरून अनेक वर्षांचा कल काढू पाहणाऱ्या संशोधकाला ९९६.४४, टी८४.०४ आणि एम९७ या तिन्ही कालखंडांची सांधणी करावी लागते, आणि २००५ च्या आधीच्या काळात तर पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चर वेगळे काढताच येत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गुंतागुंतींचा आकडा एकाएकी उतरलेला दिसला, तर त्याला शस्त्रक्रियेतील सुधारणा समजू नये. ती यादीतली बदली असू शकते.

अमेरिकेच्या रुग्णालयांचे चार्ट वाचून कोड देणारे कितीतरी तरुण-तरुणी पुण्यात आणि नवी मुंबईत काम करतात. सीपीसी किंवा सीसीएससारख्या परीक्षा देऊन ते या व्यवसायात येतात, आणि एम९७ त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. भारतातील रुग्णालयांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० लागू पडते. तीत एम९७ हा गट नाही. अस्थिसाधन, कृत्रिम सांधा किंवा प्लेट बसवल्यानंतर झालेल्या फ्रॅक्चरसाठी एम९६.६ हा एकच कोड आहे, आणि त्यात डावे-उजवे किंवा सांध्याचे नाव येत नाही. त्यामुळे एकाच कोडरने सकाळी अमेरिकेचा आणि दुपारी इथल्या रुग्णालयाचा केस पेपर पाहिला, तर एम९६.६चा अर्थ दोन्हीकडे सारखा नसतो, हे त्याने ध्यानात ठेवायला हवे. अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळच्या फ्रॅक्चरपुरता आवळलेला कोड इथे घरी पडलेल्या रुग्णालाही लागू शकतो. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना ही गोष्ट सांगितली नाही, तर तुलनाच खोटी ठरते.

आयसीडी-११ जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात एका कोडमध्ये सारे कोंबण्याऐवजी अनेक कोड एकमेकांना जोडून एक समूह करण्याची सोय आहे. रोगाचा मुख्य कोड, त्याला बाजू सांगणारा जोडकोड, शरीराचा भाग, कारण, साधनाचा सहभाग अशी साखळी करता येते. पेरिप्रोस्थेटिक फ्रॅक्चरसारख्या दुखण्याला ही मांडणी स्वभावतःच जुळते, कारण इथे सांगायच्या गोष्टी मुळात तीन-चार आहेत. पण समूह जितका लांब, तितक्या त्यातल्या कड्या गळण्याच्या जागाही वाढतात. प्रत्येक रुग्णालयाने कोणत्या कड्या अनिवार्य धरायच्या हे आधी ठरवून घेतले नाही, तर दोन ठिकाणच्या नोंदी पुन्हा वेगवेगळ्या लांबीच्या राहतील. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या रुग्णासाठी किमान चार गोष्टी अनिवार्य असाव्यात: मोडलेले हाड, सांधा आणि त्याची बाजू, हाडाच्या आजाराची नोंद, आणि सांधा पक्का आहे की सैल. चौथी गोष्ट आज कोणत्याही मुख्य कोडमध्ये नाही, आणि शस्त्रक्रिया मात्र तिच्यावरच ठरते.